नोकरीतील समाधान आणि पुढची दिशा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील प्रश्नोत्तरे पगारी नोकरी करणाऱ्यांना समोर ठेवून लिहिली आहेत, मग ती नोकरी चाकणच्या कारखान्यातली असो, हिंजवडीच्या आयटी कंपनीतली असो, बँकेतली असो किंवा जिल्हा परिषदेतली. स्वतःचा व्यवसाय असणाऱ्यांच्या जोखमीचे गणित निराळे असल्यामुळे ते येथे घेतलेले नाही.

स्वतःच्या नोकरीचे मूल्यमापन करायचे म्हणजे नेमके काय करायचे?

ठरलेल्या तारखेला, कागदावर, दोन प्रश्नांची उत्तरे लिहायची. सध्याच्या कामातून जे मिळते आहे त्यावर आपण समाधानी आहोत का, हा पहिला प्रश्न. आणि ही नोकरी अशीच चालू राहिली तर तीन-चार वर्षांनी आपण जेथे पोहोचू तेथे आपल्याला पोहोचायचे आहे का, हा दुसरा. या दोन प्रश्नांची उत्तरे एकसारखी येतीलच असे नाही. जुन्या तंत्रज्ञानावरील सपोर्ट प्रोजेक्टमध्ये सहा वर्षे काढलेला माणूस वेळेवर घरी जातो, त्याचे साहेब समजूतदार असतात, पगारही बरा असतो. म्हणजे पहिल्या प्रश्नाला होकार मिळतो, पण ते तंत्रज्ञान वापरणारे ग्राहक दरवर्षी कमी होत असतील तर दुसऱ्या प्रश्नाला होकार देता येत नाही. सीएची आर्टिकलशिप, म्हणजे सीए होण्याआधीची सक्तीची उमेदवारी, करणाऱ्या मुलामुलींची स्थिती नेमकी उलट असते : मानधन तुटपुंजे, वेळेला धरबंध नाही, तरीही दिशेबद्दल मनात शंका नाही.

मूल्यमापन करणे आणि नोकरी सोडणे या दोन स्वतंत्र कृती आहेत, हे येथेच स्पष्ट केलेले बरे. अनेकजण पहिली गोष्ट टाळतात, कारण एकदा विचार सुरू केला की राजीनाम्यापर्यंत जावे लागेल अशी त्यांना भीती वाटते. प्रत्यक्षात जे कधीच विचार करत नाहीत तेच एखाद्या वाईट दिवशी डोक्यात राख घालून राजीनामा देतात.

हे किती दिवसांनी करावे, आणि वर्षातील कोणत्या काळात?

सविस्तर मूल्यमापन वर्षातून एकदा आणि अर्ध्या तासाची उजळणी सहा महिन्यांनी, एवढे बहुतेकांना पुरते. दर महिन्याला समाधान मोजत बसल्याने समाधान वाढत नाही. उलट किरकोळ चढउतारांना नको तेवढे महत्त्व मिळते.

वेळ मात्र विचारपूर्वक निवडावी. खासगी क्षेत्रात एप्रिलच्या आसपास पगारवाढीची पत्रे हातात पडतात, आणि त्या पंधरवड्यात केलेले मूल्यमापन हे नोकरीचे नसते, त्या पत्रातील टक्क्यांचे असते. बोनस खात्यात जमा झाल्यानंतरचा आठवडाही याच कारणाने बाद ठरतो. बँकेत काम करणाऱ्यांनी मार्चअखेर टाळावी, शिक्षकांनी परीक्षांचा आणि निकालाचा हंगाम टाळावा. दिवाळीची सुट्टी संपून दोन-तीन आठवडे झाल्यानंतरचा काळ बऱ्याच जणांना सोयीचा पडतो : कामाची गाडी रुळावर आलेली असते, आणि काही बदल मागायचा असेल तर पुढच्या अप्रेझलपूर्वी तो मागण्यासाठी हातात तीन महिने उरतात.

कंपनीत दरवर्षी अप्रेझल होतेच. मग हे वेगळे कशासाठी?

अप्रेझल कंपनीच्या उद्दिष्टांवर आधारलेले असते. आपण कंपनीला किती उपयोगी पडलो हे त्यात मोजले जाते. कंपनी आपल्याला किती उपयोगी पडली हा रकाना त्या फॉर्ममध्ये नसतो. शिवाय अनेक ठिकाणी संपूर्ण विभागाची श्रेणी ठरावीक प्रमाणात वाटावी लागत असल्याने चांगले काम करूनही मधली श्रेणी मिळू शकते, आणि त्या श्रेणीवरून स्वतःच्या कुवतीचा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते. अप्रेझलमधील अभिप्राय हा आपल्या मूल्यमापनाचा एक पुरावा म्हणून जरूर वापरावा, पण निकाल म्हणून नव्हे.

पगार चांगला आहे, सहकारी चांगले आहेत, तरीही समाधान का वाटत नाही?

या प्रश्नावर अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये मांडलेली उपपत्ती आजही उपयोगी पडते. पिट्सबर्ग परिसरातील सुमारे २०० अभियंते आणि लेखापाल यांना त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रश्न विचारला होता : कामाबद्दल विशेष चांगले कधी वाटले आणि विशेष वाईट कधी वाटले? उत्तरांमधून असे दिसले की चांगल्या आठवणी बहुधा कामगिरी, दखल, जबाबदारी आणि खुद्द काम यांच्याशी निगडित होत्या, तर वाईट आठवणी कंपनीची धोरणे, वरिष्ठांची देखरेख, पगार आणि कामाची परिस्थिती यांच्याशी. म्हणजेच पगार, सुरक्षितता आणि कॅन्टीन यांतील उणीव माणसाला असमाधानी करते, परंतु ती उणीव भरून निघाली म्हणून समाधान आपोआप येत नाही. फक्त तक्रार थांबते.

या मांडणीवर एक रास्त आक्षेप घेतला गेला आहे. चांगल्याचे श्रेय स्वतःकडे आणि वाईटाचा दोष परिस्थितीकडे देण्याची माणसाची सवय त्या उत्तरांमध्ये उतरली असणार. तो आक्षेप मान्य करूनही एक गोष्ट शिल्लक राहते. पगार आणि काम यांचे गुण एकाच बेरजेत धरले तर चित्र फसवे दिसते. पगाराला दहापैकी नऊ आणि कामाला दहापैकी तीन देणाऱ्याची सरासरी सहा येते, आणि सहा म्हणजे ‘ठीक चालले आहे’ असे समजून तो पुढची पाच वर्षे काढतो. म्हणून सरासरी काढूच नये. काम, पगार, बढतीची संधी, वरिष्ठ आणि सहकारी या पाच बाबी स्वतंत्र लिहाव्यात, आणि आपल्याकडे त्यांत प्रवासाची भर अवश्य घालावी. कल्याणहून सकाळच्या गर्दीतल्या लोकलने रोज दक्षिण मुंबई गाठणाऱ्याच्या थकव्यात कामाचा वाटा किती आणि प्रवासाचा किती, हे वेगळे केल्याशिवाय कळत नाही.

नोंदी कशा ठेवाव्यात? वर्षभरातले आपल्याला आठवणार नाही का?

आठवते, पण निवडून आठवते. शेवटच्या महिन्यातले आणि सर्वांत तीव्र प्रसंग ठळक राहतात, बाकीचे पुसट होतात. म्हणून मूल्यमापनाच्या आधीचे आठ-दहा आठवडे रोज दोन ओळी लिहाव्यात. ‘काम कंटाळवाणे होते’ असे शेरे उपयोगाचे नाहीत. काय केले आणि ते करताना काय वाटले, एवढेच लिहावे. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यातील एखाद्या क्वालिटी इंजिनिअरच्या वहीतला आठवडा साधारण असा दिसेल :

सोमवार. नवीन ब्रॅकेटचे पहिले नमुने सीएमएमवर (मोजमापाच्या यंत्रावर) मोजले. भोकांमधील अंतर ड्रॉइंगपेक्षा जास्त येत होते. फिक्स्चरची पिन झिजली आहे हे शोधून काढले. जेवणाची वेळ टळून गेल्याचे लक्षात आले नाही.
मंगळवार. ग्राहकाच्या ऑडिटसाठी मागील तीन महिन्यांच्या तपासणीचे कोरे रकाने बसून भरले. कंटाळा नव्हे, लाज वाटली.
बुधवार. दोन बैठका. दोन्हींत मी कशासाठी होतो ते कळले नाही.
गुरुवार. दोन ट्रेनींना हाइट गेज वापरायला शिकवले. बरे वाटले.
शनिवार. रिजेक्शनच्या आकड्यावरून साहेब सर्वांसमोर बोलले.

अशा दहा आठवड्यांच्या नोंदी एकत्र वाचल्या की घरी रोज बोलली जाणारी तक्रार आणि कागदावरील तक्रार यांत फरक दिसू लागतो. घरी हा माणूस साहेबांविषयी बोलत असतो, पण वहीत साहेब दहा आठवड्यांत दोनदाच येतात. मागच्या तारखांचे रकाने भरण्याचे काम मात्र जवळजवळ दर आठवड्याला येते. मोजमाप, कारण शोधणे आणि शिकवणे या तिन्ही गोष्टी त्याला मनापासून आवडतात. याचा अर्थ क्षेत्र योग्य आहे, कारखान्याची पद्धत योग्य नाही. त्याने एमबीएचा अर्ज भरण्याआधी कॅलिब्रेशन प्रयोगशाळा, टूलरूम किंवा शिस्तीने नोंदी ठेवणारा दुसरा कारखाना यांची चौकशी करायला हवी.

वही स्वतःची, कागदी, घरी ठेवलेली असावी. कंपनीच्या लॅपटॉपवर किंवा कंपनीच्या मेलमध्ये हे लिहू नये.

कंटाळा नेमका कशाचा आला आहे, हे कसे ओळखावे?

स्वतःला क्रमाने तीन प्रश्न विचारावेत. हेच काम दुसऱ्या साहेबांच्या हाताखाली करायला आवडेल का? उत्तर होय असेल तर प्रश्न माणसाचा आहे. हेच काम दुसऱ्या संस्थेत करायला आवडेल का? होय असेल तर प्रश्न संस्थेचा आहे. दोन्हींना नाही असेल तरच प्रश्न कामाचा किंवा क्षेत्राचा आहे, आणि त्यावरचा उपाय सर्वांत महाग व वेळखाऊ असल्याने त्याकडे सर्वांत शेवटी वळावे. पहिल्या प्रकारच्या दुखण्यावर तिसऱ्या प्रकारचे औषध घेणारे, म्हणजे साहेबांना कंटाळून क्षेत्रच बदलणारे, अनेक असतात.

हे असमाधान आहे की नुसता थकवा?

जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत ‘बर्नआउट’चा समावेश आजार म्हणून नव्हे, तर कामाशी संबंधित स्थिती म्हणून केला आहे, आणि तिची तीन लक्षणे दिली आहेत : शक्ती संपल्याची भावना, कामापासून मनाने दुरावणे किंवा त्याबद्दल कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काम नीट होत नाही असे वाटणे. पहिलेच लक्षण असेल आणि आठ-दहा दिवसांच्या खऱ्या सुट्टीनंतर ते ओसरत असेल तर तो थकवा समजावा. तिन्ही लक्षणे असतील तर त्या अवस्थेत भविष्याचा निर्णय घेऊ नये, कारण त्या वेळी प्रत्येक काम नकोसे वाटते, पुढे आवडू शकेल असे कामसुद्धा. झोप उडाली असेल किंवा सुट्टीच्या दिवशीही काहीच करावेसे वाटत नसेल तर आधी डॉक्टरांकडे जावे. वही नंतरही लिहिता येते.

नोकरी बदलली की प्रश्न सुटतो का?

काही महिने सुटल्यासारखा वाटतो. वेंडी बॉसवेल, जॉन बूद्रो आणि जॅन टिची या संशोधकांनी अमेरिकेतील व्यवस्थापकांचा अभ्यास करून २००५ मध्ये दाखवले की नोकरी बदलण्याआधी समाधान खालावलेले असते, बदलल्यावर लगेच उंचावते आणि त्यानंतर पुन्हा उतरते. नव्या ठिकाणची पहिली काही महिन्यांची हवा ही त्या संस्थेची खरी हवा नसते. त्यामुळे नव्या नोकरीचे पहिले गंभीर मूल्यमापन वर्ष पूर्ण झाल्यानंतर करावे, आणि दर दीड-दोन वर्षांनी त्याच कारणासाठी नोकरी बदलत असू तर ते कारण आपण सोबत घेऊन फिरत आहोत का, हे तपासावे. आगीतून फुफाट्यात पडल्याची तक्रार करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी नव्या संस्थेत काम करणाऱ्या एकाही माणसाशी आधी बोलून घेतलेले नसते.

याचा अर्थ नोकरी बदलूच नये असा नाही. पगारातील मोठी वाढ एकाच ठिकाणी राहून मिळणे अनेक क्षेत्रांत अवघड असते, हे वास्तव आहे. ती वाढ हेच कारण असेल तर तसे वहीत स्पष्ट लिहावे, म्हणजे पुढे काम आवडले नाही तरी फसवणूक झाल्यासारखे वाटणार नाही.

नोकरी न सोडता काही बदलता येते का?

बहुतेकांना वाटते त्यापेक्षा बरेच. कामाचा एखादा भाग वाढवून घेणे, एखादा भाग दुसऱ्याकडे देणे, कोणत्या विभागाशी किती संबंध ठेवायचा हे बदलणे, अशा लहान फेरफारांनी त्याच पदावरील काम वेगळे होऊ शकते. मोठ्या कंपन्यांमध्ये अंतर्गत बदलीसाठी जागा जाहीर होतात. त्या पाहण्याची सवय ठेवावी. मागणी करताना मात्र ‘मला कंटाळा आला आहे’ अशी सुरुवात करू नये. वर उल्लेखलेल्या क्वालिटी इंजिनिअरने ट्रेनींच्या प्रशिक्षणाची जबाबदारी स्वतःहून मागितली तर साहेबांचे एक काम कमी होते, आणि त्याच्या आठवड्यातील एक चांगला दिवस निश्चित होतो.

राजीनामा देण्यापूर्वी पैशांच्या कोणत्या बाबी तपासाव्यात?

या प्रश्नाचे उत्तर लांब आहे, आणि ते तसे असणेच योग्य, कारण दिशा ठरवताना केलेली चूक सुधारता येते पण तारखेच्या चुकीने गेलेले पैसे सहसा परत मिळत नाहीत.

पहिली बाब ग्रॅच्युइटी, म्हणजे सेवेच्या वर्षांनुसार मालकाने द्यायची एकरकमी रक्कम. कायम नोकरीत असलेल्यांना राजीनाम्यानंतर ग्रॅच्युइटी मिळण्यासाठी साधारणपणे पाच वर्षांची सलग सेवा लागते. कायद्यातील सूत्र असे आहे : शेवटचे मूळ वेतन अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षे. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून ४०,००० रुपये असतील तर पाच वर्षांची रक्कम सुमारे १,१५,३८५ रुपये होते. साडेचार वर्षे झालेल्या माणसाने नाराजीच्या भरात राजीनामा देण्याआधी हा आकडा कागदावर मांडून पाहावा. मुदतबंद करारावर काम करणाऱ्यांसाठी २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत एका वर्षाच्या सेवेनंतरही ग्रॅच्युइटीची तरतूद आहे. आपली नेमणूक कोणत्या प्रकारची आहे हे नेमणूकपत्रात पाहावे.

दुसरी बाब भविष्य निर्वाह निधी (पीएफ). नोकरी बदलताना पीएफ काढून घेण्याचा मोह होतो, कारण रक्कम समोर दिसत असते. पाच वर्षांच्या सलग सेवेआधी काढलेल्या रकमेवर सामान्यतः प्राप्तिकर लागतो. जुने खाते नव्यात वर्ग केले तर आधीची सेवा त्या पाच वर्षांत धरली जाते. अनेकांच्या ध्यानीमनी नसलेला भाग पेन्शनचा आहे. मालकाच्या हिश्श्यापैकी वेतनाच्या ८.३३ टक्के रक्कम, ठरलेल्या वेतनमर्यादेपर्यंत, कर्मचारी पेन्शन योजनेत जाते आणि मासिक पेन्शनसाठी १० वर्षांची पात्र सेवा लागते. दर नोकरीनंतर पेन्शनचीही रक्कम काढून घेणाऱ्याची ही मोजणी दर वेळी शून्यापासून सुरू होते. मध्ये खंड पडणार असेल तर पैसे काढण्याऐवजी आधीची सेवा जपणारे योजना प्रमाणपत्र घेता येते. यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा खाते क्रमांक, एकच आहे ना, आणि आधीच्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख नोंदवली आहे ना, हे जुन्या एचआरचे लोक फोन उचलत आहेत तोवरच पाहून घ्यावे.

तिसरी बाब आरोग्य विमा. कंपनीचा गट विमा नोकरीबरोबर संपतो. वैयक्तिक पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांसाठी कमाल ३ वर्षांपर्यंत प्रतीक्षा कालावधी असू शकतो. घरात कोणाला मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर स्वतंत्र पॉलिसी नोकरीत असतानाच घ्यावी, म्हणजे तो कालावधी पगार सुरू असताना उलटू लागतो.

चौथी बाब बाँड आणि नोटीस पीरियड. प्रशिक्षणाचा खर्च भरून काढण्यासाठी घेतलेले किमान सेवेचे बाँड सरसकट बेकायदा असतात, ही समजूत खरी नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या किमान सेवेची आणि ती पूर्ण न केल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. नोकरी सोडल्यानंतर प्रतिस्पर्ध्याकडे जाण्यास सरसकट मज्जाव करणारी अट ही निराळी गोष्ट असून भारतीय करार कायद्याच्या कलम २७ मुळे ती सामान्यतः टिकत नाही. मोठी रक्कम गुंतली असेल तर वकिलाला कागद दाखवावा.

गृहकर्ज काढायचे असल्यास त्याचा क्रम आधीच ठरवावा. बँका सलग नोकरी आणि पगाराच्या पावत्या पाहतात, त्यामुळे कर्ज मंजुरीच्या टप्प्यावर असताना नोकरी बदलणे अडचणीचे ठरते.

सरकारी किंवा कायम नोकरीत असणाऱ्यांना याचा काय उपयोग? ते कुठे सोडून जाणार आहेत?

सोडून जाणे हा उद्देशच नसल्याने त्यांना उपयोग अधिक आहे. ज्याला त्याच व्यवस्थेत पंचवीस-तीस वर्षे काढायची आहेत त्याने त्या व्यवस्थेतील वाटा इतरांपेक्षा लवकर पाहून ठेवायला हव्यात. विभागीय परीक्षा, मर्यादित स्पर्धा परीक्षा, प्रतिनियुक्ती, अध्ययन रजा, विनंती बदली या प्रत्येक गोष्टीला मुदत आणि सेवेची अट असते, आणि ती उलटून गेल्यावर हळहळणारे प्रत्येक कार्यालयात भेटतात.

बँक अधिकाऱ्यांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक टोकदार होतो. स्केल एकमधून दोनमध्ये जायचे म्हणजे बहुधा बदली, आणि त्याच वर्षी मुलीची दहावी. बढती नाकारणे हा कमीपणाचा निर्णय नाही; पण तो ठरवून घेतलेला असावा आणि पुन्हा संधी कधी येईल हे माहीत असावे. दरवर्षी तळ्यात मळ्यात करून शेवटच्या दिवशी अर्ज न भरणे हा निर्णय नव्हे.

महाराष्ट्र शासनाच्या सेवेत बहुतांश कर्मचाऱ्यांचे निवृत्तीचे वय ५८ आहे, गट ड साठी ६०. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ ज्यांना लागू आहेत त्यांना २० वर्षांच्या अर्हताकारी सेवेनंतर तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती मागता येते. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर रुजू झालेल्यांसाठी निवृत्तिवेतनाची व्यवस्था निराळी आहे, म्हणून शेजारच्या टेबलावरील ज्येष्ठ सहकाऱ्याने केलेले गणित जसेच्या तसे स्वतःला लावू नये.

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांनीही असे मूल्यमापन करावे का?

सर्वांत आधी त्यांनीच करावे. राज्यसेवेसाठी खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा ३८ आणि मागास प्रवर्गाची ४३ वर्षे असल्याने थांबण्याची तारीख आयोग ठरवत नाही, ती स्वतःलाच ठरवावी लागते. सदाशिव पेठेतील अभ्यासिकांमध्ये तिशी ओलांडलेले अनेकजण बसलेले असतात आणि त्यांच्यात बुद्धीची किंवा कष्टाची कमतरता नसते. कमतरता असते ती आधी लिहून ठेवलेल्या मर्यादेची. ‘इतके प्रयत्न, या निकालापर्यंत, आणि त्यानंतर हा दुसरा मार्ग’ असे तयारी सुरू करतानाच लिहावे आणि घरच्यांना दाखवावे. दुसरा मार्ग कागदावर असल्याने अभ्यासातील जिद्द कमी होते असे क्लासवाले सांगतात, पण ते पटण्याजोगे नाही. मागे दार उघडे आहे हे माहीत असलेला माणूस परीक्षेच्या सभागृहात उलट शांत बसतो.

घरच्यांना हे कधी सांगावे?

नोंदी पूर्ण झाल्यानंतर आणि निर्णय घेण्याआधी. आधी सांगितले तर आईवडिलांच्या कानावर फक्त ‘नोकरी सोडतोय’ एवढेच पडते, आणि निर्णयानंतर सांगितले तर जोडीदाराला गृहीत धरल्यासारखे होते. घराचा हप्ता, मुलांची फी आणि आईवडिलांची औषधे यांत ज्यांचा वाटा आहे त्यांना आकडे पाहण्याचा अधिकार आहे. ‘लोक काय म्हणतील’ हा मुद्दा कोणीतरी काढणारच. त्यावर वाद न घालता तो तसाच सोडून द्यावा.

चाळिशीनंतर दिशा बदलणे शक्य आहे का?

शक्य आहे, पण कोरी पाटी समजून नव्हे. अमेरिकेतील एमआयटीचे प्राध्यापक एडगर शाईन यांनी १९७० च्या दशकात आपल्या माजी विद्यार्थ्यांच्या नोकऱ्यांचा मागोवा घेताना असे पाहिले की काही वर्षांच्या अनुभवानंतर प्रत्येकाची एक गोष्ट पक्की होत जाते, जी तो निवडीची वेळ आली तरी सोडत नाही. त्यांनी तिला करिअरचा नांगर (जहाजाचा असतो तसा, इंग्रजीत ‘अँकर’) म्हटले. पुढे अशा आठ गोष्टी त्यांच्या यादीत आल्या : तांत्रिक प्रावीण्य, व्यवस्थापन, स्वायत्तता, सुरक्षितता, उद्योजकता, सेवाभाव, आव्हान आणि जीवनशैली. पंचविशीत यांपैकी आपले काय ते कळत नाही. चाळिशीत आपण आजवर काय नाकारत आलो ते आठवले की कळते. ज्याने दोनदा जास्त पगार नाकारून पुणे सोडले नाही त्याची जीवनशैली किंवा सुरक्षितता ठरलेली आहे, आणि त्याने परदेशातील नोकरीची स्वप्ने रंगवणाऱ्या कोर्सवर पैसे घालवू नयेत.

नव्या तंत्रज्ञानामुळे काम जाईल अशी भीती वाटते. तिचा विचार कसा करावा?

‘माझी नोकरी जाईल का’ असे विचारण्याऐवजी मागील महिन्यात केलेल्या कामांची यादी करून त्यांतील कोणती कामे यंत्र आजच करू शकते ते शेजारी लिहावे. ठरावीक साच्याचे अहवाल, नोंदी आणि भाषांतराचे कच्चे मसुदे यांचा वाटा मोठा निघाला तर पुढच्या वर्षीचे प्रशिक्षण त्यानुसार निवडावे.

बाळंतपणानंतर किंवा आजारपणानंतर कामावर परतणाऱ्यांनी काय करावे?

पहिल्या दोन अपत्यांसाठी कायद्याने २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा मिळते, परंतु रजेनंतरचे पहिले सहा महिने हे मूल्यमापनाचे महिने नव्हेत. पाळणाघर, अपुरी झोप आणि साहेबांनी न विचारता हलके करून ठेवलेले काम यांमुळे त्या काळातील नोंदी नोकरीबद्दल कमी आणि घरातील व्यवस्थेबद्दल जास्त सांगतात. ‘हलके’ केलेले काम परत हवे असेल तर ते लेखी मागावे, कारण बऱ्याचदा ते सद्भावनेने काढून घेतलेले असते आणि सद्भावनेनेच कायमचे दुसऱ्याकडे जाते.

सगळे लिहिले, तरी काहीच निष्कर्ष निघाला नाही तर?

मग काहीही बदलू नये. ‘सध्या ठीक आहे, पुढच्या वर्षी पुन्हा पाहू’ हा सन्माननीय निष्कर्ष आहे. फक्त त्या ओळीखाली, कोणती गोष्ट घडली तर आपण आधीच विचार करू, ते लिहावे : विभाग बंद होणे, अमुक साहेब बदलणे, कर्ज फिटणे, मूल बारावी पास होणे.

घेतलेला निर्णय बरोबर होता की नाही, हे नंतर कसे तपासावे?

व्यवस्थापनतज्ज्ञ पीटर ड्रकर यांनी सुचवलेली पद्धत येथे लागू पडते. महत्त्वाचा निर्णय घेताना त्यातून काय घडेल अशी आपली अपेक्षा आहे ते लिहून ठेवायचे आणि नऊ ते बारा महिन्यांनी प्रत्यक्षाशी ताडून पाहायचे. अपेक्षा मोजता येईल अशा शब्दांत लिहावी. ‘चांगले काम मिळेल’ असे न लिहिता ‘आठवड्यातील किमान दोन दिवस मोजमापाचे काम असेल, शनिवारी सुट्टी असेल, हातात येणारा पगार ८,००० रुपयांनी वाढेल’ असे लिहावे. वर्षाने पान उघडल्यावर यांतील एखादी गोष्ट हुकलेली दिसेल. ती आपण चौकशी न करता गृहीत धरली होती, की मुलाखतीत विचारूनही चुकीचे सांगितले गेले होते, याची नोंद त्याच पानावर करावी. पुढच्या मुलाखतीत विचारायच्या प्रश्नांची यादी तेथूनच तयार होते.